मागाच्या माथी मारलेले कान

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. दोन्ही किडन्या बसलेल्या, डायलिसिस चालू. जुळे सोलापुरातल्या घरनं दवाखान्यात रिक्षा करून एकटाच जायचो, एकटाच यायचो. कुणाला सुट्टी काढायला लावली नाही.

त्या वर्षात कान गेले. कुकरची शिट्टी गेली, मग दारावरची बेल गेली. घरात सगळ्यांचं एकच, "मागाचे कान हायेत, आप्पा." जन्म यंत्रमागावर काढलेला. आमच्यात मागवाल्याला ऐकू आलं नाही तर कुणाला नवल वाटत नाही, दवाखान्यात तर कुणीच नेत नाही. पण कारखाना सोडला तेव्हा मला कुकरची शिट्टी ऐकू येत होती की! हे कुणी ध्यानातच घेईना.

घरात माझं अडत नव्हतं. मागाच्या खडखडाटात आम्ही तोंडाकडं बघूनच बोलायचो. चार माग पलीकडचा शिवी घालायचा, ती ओठांवरनं कळायची आणि तशीच परत जायची. पण डायलिसिसच्या खोलीत सगळ्यांच्या तोंडाला मास्क. नर्स नुसते डोळे हलवायची. न कळता मान डोलवणारा मी नव्हे. कळलं नाही की गप्प बसायचो.

एक दिवस तिनं पुनःपुन्हा काहीतरी विचारलं. मी गप्प. तिनं डॉक्टरला बोलावलं, त्यानं पोराला फोन करून बोलावून घेतलं. दाराला मोठी काच होती. बाहेर डॉक्टरनं मास्क हनुवटीखाली घेतला आणि पोराला सांगायला लागला. हाताला सुया, रक्त मशिनीत फिरतंय, आणि मी पडल्या पडल्या त्याचे ओठ वाचतोय. "वय झालं त्यांचं. डोकं साथ देत नाही. आता एकटं पाठवू नका, सोबत माणूस पाहिजे."

आणि माझा पोरगा मान हलवत होता!

मी ओरडलो, "ओ डॉक्टर! डोकं जागेवर हाय माझं! कान गेलेत, कान!"

शेजारच्या खाटेवरचा दचकून उठला. डॉक्टर मास्क चढवून आत यायला लागला.

"आत नगा येऊ. तितनंच बोला, तोंड उघडं ठेवून."

नर्स तोंड फिरवून हसली. डॉक्टर खरंच काचेमागं उभा राहून सावकाश बोलला, "आजोबा, किडनीच्या आजारात कान जाऊ शकतात. काही औषधांनीही जातात. तपासायला हवेत."

"मग आजवर का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही मागावर होता ना, आम्हाला वाटलं..."

वाटलं! माझं रक्त हप्त्याहप्त्याला तपासता, कानापाशी आलं की नुसतं वाटतं? आणि माणसाला ऐकू येत नाही म्हणून त्याला वेडा ठरवून मोकळे होता?

रात्री जेवताना पोरगा समोर बसून म्हणाला, "आप्पा, राग सोडा. कान दाखवू की. रविवारी नेतो. तवर तुमची सून येईल तुमच्यासंगट."

"तिची नोकरी?"

"बघू कायतरी."

"काय बघू नगंस. मला पाय हायेत."

"लई हट्टी तुमी," तो म्हणाला. तेही मी ओठांवरनंच घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर उठायच्या आत मी धुतलेलं धोतर नेसलो, रिक्षा केली आणि कानाच्या दवाखान्याच्या पायरीवर पहिला नंबर लावून बसलो. एकटा.