मझुर्काला दादऱ्याची टाळी

लेक चौदा वर्षांची असताना तिच्या पियानोच्या बाईंनी तिला एक मझुर्का वाजवायला दिला. मझुर्का म्हणजे पोलंडच्या खेड्यातला नाच. दोनेकशे वर्षांपूर्वी कुणीतरी तो पियानोवर आणला. तीन-तीन मात्रांचा. लहानपणी नागपुरात चार वर्षं तबला शिकलेला माझा हात लगेच मांडीवर पडू लागला. अरे, हा तर आपला दादरा!

पण पोरीचा जोर भलतीकडेच. कधी दुसऱ्या मात्रेवर, कधी तिसऱ्या. माझी टाळी पडते तिथं काहीच नाही.

"अगं, सम चुकतेय तुझी. पहिल्या मात्रेवर ये," मी स्वयंपाकघरातून ओरडायचो.

"बाबा, इट्स रिटन लाइक दॅट."

मी बाहेर येऊन टाळ्या वाजवून दाखवायचो. आठवड्याभरात ती माझ्या टाळीवर यायला लागली. मी भलताच खूश.

क्लासच्या रिसायटलला, म्हणजे मुलांच्या जाहीर वादनाला, आठ दिवस होते. त्या शनिवारी क्लासला मीच तिला सोडलं आणि आत जाऊन बसलो. बाई मूळच्या पोलंडच्या, सत्तरीच्या. चार ओळी ऐकून त्यांनी तिला थांबवलं. "मागच्या वेळी छान वाजवत होतीस. याचा जीव कुणी काढला?"

लेकीनं माझं नाव घेतलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हात वर केला.

बाई रागावल्या नाहीत. गुडघे सावरत उठल्या आणि मलाही उभं केलं. पाऊल, पाऊल, मग टाच आपटायची. मी दर वेळी पहिल्यालाच आपटायचो. पाचव्या फेरीला टाच तिसऱ्या मात्रेवर पडली, आणि मला एकदम उमगलं: तो जोर कागदावरचा नव्हताच, नाचणाऱ्याच्या बुटाचा होता! "वाजव गं," बाई म्हणाल्या. मी टाच आपटत राहिलो आणि तिचा जोर हळूहळू पुन्हा जागेवर आला.

गाडीत माझं कुतूहल उतू जात होतं. दुसऱ्या मात्रेवर जोर येतो तेव्हा पाऊल कसं पडतं? फेर कुठल्या बाजूनं धरतात? ती हसून उत्तरं देत होती. शेवटी मी विचारलं, "एवढं सगळं माहीत होतं, तर मला सांगितलं का नाहीस?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सांगितलं होतं, बाबा. बट यू वेअर क्लॅपिंग."