वाफेची बादली

रेज बर्टविसलला थाप मारताना हसू यायचं नाही. आमच्या बेकप गावात त्याची ओळख तेवढीच. सपातांच्या कारखान्यात तो साचेखात्याचा मुकादम होता, पण त्याच्या हाताखालून कशा सपाता निघाल्या हे आज कोणी सांगणार नाही. त्याने कोणाकोणाला मामा बनवलं ते मात्र अजून सगळ्यांना पाठ आहे. नवीन माणूस कामावर लागला की रेज त्याला पिटाळायचा. डाव्या हाताचा हातोडा आण. ठिपक्यांचा रंग आण. चाळणीची भोकं संपलीत, स्टोअरमधून पुडाभर घेऊन ये. आणि सांगताना चेहरा असा, की घरात कोणीतरी आजारी असावं.

मी तिथे कँटीन चालवायचे. माझ्या खिडकीतून सगळं खातं दिसायचं, त्यामुळे लिंडन क्रॉपरचं जे झालं तेही मी डोळ्यांनी पाहिलं. लिंडन तेव्हा नुकताच लागला होता, लाजराबुजरा, कोणी हाक मारली तरी दचकणारा. रेजने त्याच्या हातात झाकणाची बादली दिली.

"बॉयलरवर जा आणि बादलीभर वाफ घेऊन ये. झाकण घट्ट लाव. आणि पळत ये बरं का, गार झाली तर साहेब दोघांनाही घरी बसवेल."

बॉयलरवाला रेजला सामील होता. त्याने खरंच नळ सोडला. लिंडनने एका हाताने झाकण लावलं, पण दुसऱ्या हाताचं मनगट वाफेत राहिलं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. बादली छातीशी धरून तो सगळ्या खात्यासमोरून पळत आला. रेजने झाकण उघडलं, आत वाकून पाहिलं आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "अरेरे. ही तर ओली वाफ आहे. मला कोरडी पाहिजे होती."

हसण्याने छपराचे पत्रे हलले म्हणा ना. मी लिंडनच्या मनगटाला लोणी लावलं तेव्हा कातडी सोलून निघाली होती. त्या दिवसापासून त्याचं नाव बादल्या. लग्नात पाद्री 'लिंडन' म्हणाला तर मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, हा कोण? रेजने अहेर म्हणून लाल फीत बांधलेली बादली दिली होती. नवरीला काही कळेना, आणि बादल्याच्या आईने ती बादली तिथल्या तिथे चर्चच्या भिंतीवर आपटली.

रेजसारख्या माणसाला बायको कशी मिळाली, असं कोणी विचारेल. एनिड शिलाईखात्यात होती. रेजने तिला मागणी घातली तेव्हा तिने मागे वळून पाहिलं, कोण कोण लपलंय ते. मग म्हणाली, "माझ्या आईसमोर येऊन बोल. माझ्या आईची फिरकी घ्यायची तुझी छाती नाही." तो गेला, बोलला, आणि लग्न झालं. त्यानंतर तिने त्याच्या कुठल्याही शब्दावर शंका घेतली नाही. सगळ्या गावात रेजवर विश्वास ठेवणारी ती एकटीच होती, आणि रेजला तिच्यापलीकडे कोणी नव्हतं. हे मी त्याच्या बाजूने लिहिते आहे, कारण दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

कारखाना बंद पडला. बादल्याने बाजारपेठेत ई-सिगारेटचं दुकान टाकलं, आणि मी गल्ल्यावर बसू लागले. ज्यांनी त्याला बादल्या म्हणून म्हणून हैराण केलं, तेच आता खोकत खोकत त्याच्या दारात उभे राहायचे. एनिडही त्यांच्यातच. तिची छाती पार कामातून गेली होती. डॉक्टरांनी तिला तोंडावर सांगितलं होतं, बाई, अजून एक हिवाळा सिगारेट ओढलीत तर पुढचा हिवाळा दिसायचा नाही.

तिने सिगारेट सोडली आणि दुकानातलं पाणी ओढायला लागली. ई-सिगारेटमध्ये भरायच्या द्रवाला आम्ही पाणीच म्हणतो. पण तिला एकही पाणी पसंत पडेना. शिलाईखात्यात ती सारखी बडीशेपेच्या लाल गोळ्या चघळायची, तीच चव तिला हवी होती. आमच्याकडे ती नव्हती.

"हे तुझं पीच म्हणजे मोरीत सांडलेलं सेंट आहे," ती मला म्हणाली. "बडीशेप मिळाली तर बघ, नाहीतर पॉलीन, मी आपली सिगारेटच ओढते. मरायचं तर चवीने तरी मरू दे."

ती हसत होती. मागे उभा असलेला रेज हसत नव्हता. भ्यालेला रेज मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच आला. पाणी घरीच बनवायचं त्याने ठरवलं होतं. तेव्हा कायदा कडक नव्हता. निकोटिनची जहाल बाटली, ग्लिसरीन, सगळं सुटं मिळायचं आणि अर्धं गाव स्वयंपाकघरात मिसळत बसायचं. रेजने सामान काउंटरवर मांडलं.

"काय रे बादल्या, यात शिकण्यासारखं काय आहे? ओतायचं आणि हलवायचं."

बादल्याने हातातलं काम खाली ठेवलं. "तीन गोष्टी आहेत, रेज. निकोटिन हाताळताना हातमोजे घाल, ते कातडीतून आत जातं. पाणी बनवलं की अंधाऱ्या कपाटात ठेव आणि दोन-तीन आठवडे विसरून जा. आज बनवून आज चाखलंस तर चव लागणार नाही, मुरावं लागतं. आणि तेलातला कुठलाही अर्क घालू नकोस. केकचा नाही, औषधाचा नाही. तेल पोटात चालतं, छातीत नाही."

प्रत्येक शब्द खरा होता. शिवाय बादल्याचा चेहरा गंभीर होता, आवाज हळू होता, आणि घरात कोणीतरी आजारी असावं तसा तो बोलत होता.

रेजने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग त्याच्या तोंडावर हळूहळू हसू पसरलं.

"हातमोजे," तो म्हणाला. "अंधारं कपाट. आणि कपाटासमोर मी स्टूल टाकून बसू, असंच ना? वा रे पठ्ठ्या! इतकी वर्षं वाट पाहिलीस होय? पण मी या खेळात म्हातारा झालोय बाळा. कोरडी वाफ आहे का तुझ्याकडे?"

"मी खरं सांगतोय, रेज."

"मी पण खरंच सांगायचो," रेज म्हणाला आणि पिशवी उचलून गेला.

नवशिक्याच्या हातून ज्या चुका होतात त्या सगळ्या त्याने केल्या, आणि त्याही छाती फुगवून. निकोटिन उघड्या हाताने ओतलं, बोटांवर सांडलं, ते विजारीला पुसलं. थोड्या वेळाने पांढराफटक पडून मोरीवर ओकत बसला. एनिडने हे मला सांगितलं तेव्हा मी विचारलं, मग आता तरी हातमोजे घेतले का? तर नाही. दोष त्याने आदल्या दिवशीच्या माशाला दिला.

बडीशेपेचा अर्क त्याने बाजारातल्या केकच्या सामानाच्या टपरीवरून आणला. तेलातलाच. लोक खातात, मग ओढायला काय झालं, हा त्याचा हिशेब. बनवल्या बनवल्या एनिडला दिलं. तिला चव लागेना. मुरलंच नव्हतं तर लागणार कशी? मग त्याने अजून अर्क घातला. पुन्हा लागेना, पुन्हा घातला. सगळं घर बडीशेपेने इतकं भरलं की त्याच्या नाकाला वास कळेनासा झाला. त्याला वाटलं कमीच पडतंय, म्हणून आणखी ओतलं. बाटलीत वर तेलाचं कडं धरायचं. ते तो हलवून मोडायचा आणि तिच्या हातात द्यायचा.

आणि एनिडला ते आवडलं. अखेर तिला तिची लाल गोळी सापडली होती. दिवसभर ती नळी तोंडात धरून खिडकीशी बसायची आणि जाणाऱ्यायेणाऱ्याला सांगायची, "माझ्या रेजने बनवलंय. दुकानात मिळत नाही असलं."

एक दिवस रेज मिरवायला म्हणून बाटली घेऊन दुकानात आला. बादल्याने ती उजेडात धरली. तेलाचं कडं मलाही दिसलं.

"रेज, हे तेल आहे. आत्ताच्या आत्ता मोरीत ओत."

"ओततो. आणि मग तुझ्याकडून नवीन घेतो, नाही का?"

"फुकट देतो. हवं ते ने."

"फुकट!" रेजने माझ्याकडे पाहून डोळा मारला. "पॉलीन, बघितलंस? गळ टाकायला शिकलाय. पण मासा चुकला." आणि बाटली खिशात टाकून तो शीळ घालत निघून गेला.

मी बादल्याला म्हटलं, "अरे, त्याच्यामागे जा. धर त्याला."

बादल्या बाही वर सारून मनगट खाजवत होता. भाजल्याचा डाग अजून तसाच आहे, गुळगुळीत आणि लालसर. "मी त्याला दोनदा सांगितलं," तो म्हणाला. "तुझ्यासमोर सांगितलं. आता कुठला चेहरा करून सांगू, पॉलीन? त्याला खरा वाटेल असा एखादा चेहरा तू मला करून दाखव."

तो हसत होता. मोठ्याने नाही, पण हसत होता. मी ते पाहिलं आहे आणि कोणी शपथ घातली तरी तेच सांगेन.

दुकान बंद झाल्यावर मीच त्यांच्या घरी गेले. रेज दारातच म्हणाला, "बादल्याने पाठवलं ना तुला?" मी त्याला ढकलून आत गेले आणि एनिडला सांगितलं, बाई, यात तेल आहे, छातीत साचेल, टाकून दे. ती तेव्हाही खोकत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग रेजकडे.

"सगळे सामील आहेत गं," रेज म्हणाला. "मला तोंडघशी पाडायचंय त्यांना. आता हिलासुद्धा चेहरा जमायला लागला बघ."

एनिडने माझा हात थोपटला. "पॉलीन, तू कँटीनमध्येच बरी होतीस," ती म्हणाली आणि एक झुरका घेतला. खोलीत बडीशेप दरवळली. मी घरी आले आणि रागाने भांडी आपटत बसले. रेजचा राग होता, बादल्याचा होता, आणि सगळ्यात जास्त त्या बाईचा होता.

पुढे तिला जिना चढवेना. रात्री बसून झोपावं लागे. ती रेजला म्हणाली, मला श्वास पुरत नाही. रेजने काय म्हणावं? "नाटकं करू नकोस. तुला सिगारेट हवीय, म्हणून हे चाललंय. मला ओळखू येत नाही होय?" आयुष्यभर लोकांना खोटं खरं करून विकलं, आता घरातलं खरंही त्याला खोटं दिसत होतं. तिचे ओठ निळे पडले तेव्हा त्याने मला फोन केला. मी ॲम्ब्युलन्स बोलावली. तिच्यातून एनिडला एकटीलाच नेलं.

ब्लॅकबर्नच्या दवाखान्यात जायला बसची वेळ टळून गेली होती. रेजकडे गाडी नव्हती. मी बादल्याला सांगितलं आणि तो व्हॅन घेऊन आला. बादल्याच्या व्हॅनमध्ये मागे रिकामी खोकी होती, ती वळणावर इकडून तिकडे घसरायची.

तिथल्या तरुण डॉक्टरणीने फुप्फुसाचा फोटो दिव्यावर लावला आणि विचारलं, "ह्या काय ओढत होत्या? आत तेल साचलंय."

"केकचं," रेज म्हणाला. "बडीशेपेचं."

"तेल ओढू नये हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

रेजने बादल्याकडे पाहिलं. बादल्याने जमिनीकडे पाहिलं. डॉक्टरीण आत गेली.

आम्ही बाकावर बसलो होतो. रेजने टोपी हातात घेतली होती आणि तिची कड दाताने चावत होता. "तू मला खरं सांगितलंस," तो बादल्याला म्हणाला.

"हो."

"मला ते खरं वाटू नये अशा बेताने सांगितलंस."

"तूच शिकवलंस रेज, कसं सांगायचं ते."

रेजने मान हलवली. कोणी चांगला पत्ता टाकला की खेळणारा हलवतो तशी. तेवढ्यात नर्स बाहेर आली. वयस्कर होती, आमच्याच भागातली. ती रेजच्या समोर वाकली, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळू, गंभीर आवाजात म्हणाली, "मिस्टर बर्टविसल, फार वाईट वाटतं. एनिड गेल्या."

रेज ताडकन उठला. त्याने नर्सच्या चेहऱ्याकडे पाहिलं, अगदी जवळ जाऊन. मग माझ्याकडे पाहिलं. मग बादल्याकडे. मग एनिडच्या खोलीच्या दाराकडे, आणि दारामागे कोण कोण लपलंय ते बघायला दोन पावलं पुढे गेला. त्याच्या तोंडावर हळूहळू हसू पसरत होतं.

"बरं," तो म्हणाला. "पुरे आता. जमली तुम्हाला." आणि आधी कोण हसतंय ते पाहत तो तिथेच उभा राहिला.