तिसरं चक्र

सैनिक गेल्याची बातमी फुलवाल्या मावशींना पेपराच्याही आधी कळायची. लष्करी कचेरीतला कारकून फोन करायचा, "ताई, एक चक्र." चक्र म्हणजे पांढऱ्या फुलांचं, शवपेटीवर ठेवायचं. त्याच्या रिबिनीवरचं नाव मावशी स्वतः रंगवायच्या, आणि ते विचारायच्या सगळ्यांत शेवटी. आकार, वेळ, सगळं बोलून झाल्यावर. धाकटा मुलगा सरहद्दीवर गेल्यापासून नाव ऐकायचीच त्यांना धास्ती वाटायची. दुसऱ्याच कुणाचं निघालं की जीव भांड्यात पडायचा, आणि मग स्वतःचीच लाज वाटायची.

त्या दिवशी सकाळी कारकून म्हणाला, "तीन लागतील. दोन नावं लिहून घ्या. तिसऱ्याची ओळख पटायचीय."

आता तुम्हाला वाटेल, तीन पोरं गेली म्हणजे रस्ता जरा तरी थबकला असेल. कसलं काय! कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. शेजारच्या चहावाल्याच्या टीव्हीवर बातमी लागली, तर गिऱ्हाईक म्हणालं, "हे रोजचंच आहे, मॅच लाव." त्याने लावली. मावशींनी धाकट्याला फोन केला. बंद. पुन्हा केला. बंदच. तिसरं चक्र बांधताना तार बोटात घुसली, तेही त्यांना कळलं नाही.

दुपारी साहेबांचे चिरंजीव आले. साहेब म्हणजे घरटी एक पोरगा फौजेत द्या म्हणून सभेत घसा कोरडा करणारे पुढारी. त्यांचा हा दिवटा मात्र गेल्या वर्षी गाडीखाली माणूस चिरडून सहीसलामत सुटला होता. आज नवी गाडी होती. कोऱ्या रिबिनीच्या चक्राकडे बोट दाखवून तो म्हणाला, "हे गोल झकास आहे. बोनेटवर लावा."

अहो, ते मयताचं आहे, असं मावशींच्या अगदी ओठावर आलं होतं. पण त्याला नाही म्हणायची भीती होती, आणि मनात भलतंच काहीतरी आलं: चक्रच नसलं तर तिसरं नावही यायचं नाही. जाऊ दे, बला टळेल. त्यांनी आपल्या हाताने ते बोनेटला आवळून बांधलं.

"शोभतंय की गाडीला," त्या म्हणाल्या. हॉर्न वाजवत गाडी गेली. चहावाल्यासकट सगळा रस्ता मोबाईल वर करून तिचे फोटो काढत होता.

मग मावशी फोन मांडीवर घेऊन बसल्या. तो वाजेना, तसं त्यांना हळूहळू बरं वाटू लागलं.

दिवे लागायच्या सुमाराला एक टक्कल पडलेला माणूस दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला. गिऱ्हाईक समजून मावशी म्हणाल्या, "काय देऊ?"

"ताई," तो म्हणाला. हा आवाज त्यांनी आजवर फक्त फोनवर ऐकला होता.

"तिसरं झालं नाही हो अजून," मावशी घाईघाईने बोलू लागल्या. "पांढरी फुलं संपली. उद्या करून ठेवते."

"ताई, जरा बसा."

"आकार नेहमीचाच ना? न्यायला किती वाजता येणार? रिबीन रुंद हवी की..."

नाव तेवढं त्यांनी विचारलं नाही.