फरशीवर किती पाणी

सातवी झाल्यावर वर्षभर मी घरीच बसले. हायस्कूल होतं खामगावला, आणि मुलगी रोज संध्याकाळी डोळ्यांसमोर दिसलीच पाहिजे ही आईची अट. आमचं गाव पिंपळगाव राजाच्या बाजूचं, नदीकाठी. मग गावाला एसटी सुरू झाली आणि माझं नशीब उघडलं. सकाळी बसने जायचं, दिवेलागणीच्या आत परत. बस होती म्हणून शाळा होती. त्या बसवर माझा इतका जीव, की कंडक्टर खेकसला तरी मला राग येत नसे.

आठवीची परीक्षा संपली आणि उन्हाळ्यात बांधकाम खात्याचा एक तरुण ओव्हरसियर आला. कोणत्या पावसात कोणता रस्ता तुटतो, कोणता पूल आधी जातो, हे म्हणे सरकारला जाणून घ्यायचं होतं. आमच्या नदीवर पूल नव्हताच. पात्रातून बांधलेला बसका रस्ता होता, त्याला सगळे फरशी म्हणत. थोडा पाऊस झाला की पाणी तिच्यावरून वाही. आजवरचा मोठ्यात मोठा पूर कुठवर आला, हे तो गावोगाव विचारत होता. फरशी धोक्याची ठरली तर पावसाळाभर बस नदीच्या पलीकडेच थांबणार होती.

एवढं कळलं मात्र, आमच्या गावचे सगळे पूर आटले. एरवी मारुतीच्या कळसाला पाणी लागल्याचं शपथेवर सांगणारे एक आजोबा आमच्या ओसरीवर बसून घोट्याकडे बोट दाखवू लागले. माझ्या वडिलांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि याच्या वर कधी नाही म्हणून सांगितलं. दाराआड उभी राहून मी मनात म्हणत होते, बाबा, अजून थोडं खाली.

तेवढ्यात आई चहा घेऊन बाहेर आली. कपबशी ठेवता ठेवता तिने ओव्हरसियरला विचारलं, परसातलं लिंबाचं झाड पाहिलं का. आमच्याकडे पूर चढला की बायका काठावर जाऊन नदीची ओटी भरतात, म्हणजे ती समाधानाने माघारी फिरते. एका वर्षी मोठा पूर आला तेव्हा मी पोटात होते, दिवस भरत आलेले, म्हणून आजीने आईला काठावर जाऊ दिलं नाही. तर नदीच परसात आली. लिंबाच्या बुंध्याशी पाणी टेकलं आणि आईने तिथेच उभं राहून ओटी भरली. हे सगळं तिने त्याला सांगितलं. त्याने लगेच लिंबापाशी पातळी मोजायची दुर्बीण लावली. त्या हिशेबाने फरशीवर दोन पुरुष खोल पाणी होऊन गेलं होतं. फरशी धोक्याची ठरली.

वडील पुढे आठवडाभर आईला सांगायचं ते बैलाला सांगत, आणि आई बैलालाच उत्तर देई. मी मात्र सरळ भांडले. आता पाऊस लागला की संध्याकाळी घरी यायचा भरवसा नाही, म्हणजे माझी शाळा बुडाली.

"तुले कोनं इचारलं होतं वं, माय?" मी रडून विचारलं. "सारे गप होते."

ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "रोज तूच तं बसते त्या बसमंधी."

मी आणखी रडले. पण शाळा उघडायच्या आदल्या दिवशी आईनेच माझी वळकटी बांधली आणि मला खामगावला आत्याकडे नेऊन सोडलं. मला रात्री तहान लागते, वरणात मिरची चालत नाही, असं आत्याला सतरा वेळा बजावलं. स्वतःची अट तिने स्वतःच मोडली.

पोळ्याला मी घरी निघाले. रात्रभर पाऊस झालेला. बस नदीपाशी थांबली. फरशीवरून गढूळ पाणी चाललं होतं, आणि पलीकडच्या काठावर आई उभी होती, हातात फडक्यात बांधलेला डबा घेऊन. चार उतारू म्हणाले, घोट्याएवढंच आहे, चला. मीही चपला हातात घेतल्या आणि पाण्यात पाय घातला.

पलीकडून आईने दोन्ही हात वर केले. मला वाटलं, बोलावते आहे. पण ती मला मागे फिरवत होती. संध्याकाळची बस जरा लांबली की वेशीपर्यंत धावत येणारी माझी आई काठावर उभी राहून मला परत जा, परत जा म्हणून हात हलवत होती. मी मागे फिरले आणि बसमध्ये जाऊन बसले. खिडकीतून पाहिलं तर ती चिखलातच खाली बसली होती. तिने डबा उघडला, पुरणपोळीचा घास मोडला, माझ्या दिशेने हात लांब करून धरला, आणि मग तो स्वतःच्या तोंडात घातला. बस वळेपर्यंत ती माझ्या वाटणीचं जेवत होती.