जिथे बदनामी केली, तिथेच माफी

मित्रांनो, आज माझी आई जिंकली!

देवबागला आमचा छोटा होमस्टे आहे. पंधरा दिवसांपूर्वी एक पाहुणा अंगणात दारू प्यायला बसला, आईने त्याला हटकलं. त्याने व्हिडिओ काढून तिच्या रागाचा तेवढाच तुकडा फेसबुकवर टाकला आणि वर लिहिलं, "कोकणातला माज बघा!" लोक तिला नको नको ते बोलले. आईचं जेवण सुटलं.

शेजारच्या काकी मात्र गप्प बसल्या नाहीत. त्यांनी आम्हाला वकिलाकडे नेलं, आईने पोलिसांत तक्रार दिली. त्या दिवशी आमच्याकडे उतरलेल्या दुसऱ्या कुटुंबाने त्यांनी काढलेला पूर्ण व्हिडिओ स्वतःहून पाठवला.

आज पोलीस ठाण्यात तो माणूस हात जोडून म्हणाला, "काकू, चुकलं माझं."

आई म्हणाली, "माफी हयसर कित्याक? जंय माझी बदनामी केलंस, थंयच माग!"

ठाण्यातल्या साहेबांनाही हसू आलं. त्याने ठाण्यातच बसून फेसबुकवर माफीचा व्हिडिओ टाकला. तक्रार मात्र आईने अजून मागे घेतलेली नाही. येताना ती रिक्षात काकींना टाळ्या देत होती.

तो तुकडा तुमच्यापैकीही काहींनी शेअर केला होता. आता ही माफी शेअर कराल ना?