सासऱ्यांची वंशावळ आणि माझा सर्व्हर

मी पवईच्या एका कंपनीत लोकांचे सर्व्हर चालू ठेवतो, आणि सासुरवाडीत मला मिक्सरलाही हात लावू देत नाहीत.

सासरे, म्हणजे चारकोपचे अण्णा, मराठीचे निवृत्त शिक्षक. सात वर्षं मालवणकडच्या वाड्या पालथ्या घालून त्यांनी घराण्याची वंशावळ जमवली. (अडीचशे माणसं. त्यातली दोनशे एकमेकांशी बोलत नाहीत!) "तिची वेबसाइट करू या," असं मीच म्हणालो. कोणी विचारलं नव्हतं. मी पायथॉनमध्ये झकास ॲप लिहिलं, आणि माझ्या बायकोने, रुपालीने, सगळी नावं त्यात भरली.

अण्णांच्या पंच्याहत्तरीला सोसायटीच्या हॉलमध्ये उद्घाटन ठरलं. अण्णांनी बटण दाबलं. प्रोजेक्टरमधून भिंतीवर भलंमोठं उमटलं: '५०२, बॅड गेटवे'. म्हणजे साइट बंद!

"ह्यो आपलो मूळपुरुष काय रे?" अण्णांचे धाकटे भाऊ, बाळकाका.

"कालपर्यंत चालत होतं!" मी म्हणालो. (प्रत्येक नालायक इंजिनिअरचं हे आवडतं वाक्य.) आदल्या दिवशी सर्व्हरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये मी 'जराशी सफाई' केली होती, हे मी सोयीने विसरलो.

रुपाली कुजबुजली, "अरे, लॉग वाच ना! काय बिघडलंय ते लिहिलेलं असतं त्यात."

"लॉग नवशिके वाचतात!"

मग अनुभवी माणसासारखा मी सर्व्हर बंद करून चालू केला. ५०२. पुन्हा केला. ५०२. पोर्टचा नंबर बदलला, तर ५०२सुद्धा गायब. पान कोरं!

"प्रगती आसा," बाळकाका म्हणाले आणि वडे-सागोतीकडे वळले. मागोमाग सगळा हॉल वळला. अण्णा मात्र नवा सदरा घालून भिंतीसमोर उभेच.

"होतला मां?" त्यांनी हळूच विचारलं.

लॅपटॉपवर तर ॲप मस्त चालत होतं. मग काय! लॅपटॉपवरची सेटिंगची फाइल, डेटाबेससकट, उचलून सर्व्हरवर चढवली. साइट उघडली! टाळ्या! अण्णांनी डोळे पुसले, चष्मा चढवला आणि वाचायला लागले.

लॅपटॉपवर होता चाचणीचा डेटाबेस. ॲप तपासायला एका दुपारी मी गंमत म्हणून त्यात काही नावं भरली होती. ती आता भिंतीवर, हातभर अक्षरांत झळकत होती.

मूळपुरुष: खडुस सासरा. पत्नी: टोमणेबाई. धाकटा भाऊ: फुकट्या काका.

बाळकाकांनी हातातला वडा ताटात परत ठेवला. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या आणि (आयुष्यात प्रथमच) टोमणा शोधत होत्या!

"जावयबापू," अण्णा शांतपणे म्हणाले, "खडूसातलो 'डू' दीर्घ."

रुपालीने माझ्या हातातून लॅपटॉप ओढला आणि लॉग उघडला. ५०२च्या वेळच्या ओळीत स्पष्ट लिहिलं होतं: डेटाबेसचा पत्ता दिलेला नाही. ती ओळ मीच सफाईत उडवली होती. तिने सर्व्हरची जुनी फाइल परत आणली, ती एक ओळ टाकली, आणि दोन मिनिटांत अण्णांची खरी वंशावळ भिंतीवर आली. अण्णा आपल्या पणजोबांच्या नावावर बोट ठेवून बराच वेळ उभे होते. मी पाण्याच्या पिंपामागे उभा होतो.

साइट हल्ली रुपाली सांभाळते. जावई म्हणून माझंही नाव आहे वंशावळीत. फक्त त्यापुढच्या 'विशेष माहिती'च्या रकान्यात अण्णांनी स्वतः भरलंय: 'दुरुस्ती चालू आहे.'