लाल झाकण

माझी नगरला बदली झाली तेव्हा मी मेजर होते. काम, एका रेजिमेंटच्या एलएडीची ओसी, म्हणजे प्रमुख. एलएडी म्हणजे युनिटच्या गाड्या चालत्या ठेवणारी तुकडी. चाळीसेक जवान, दोन शेड, एक वेल्डिंग सेट. त्यातच सहा मोटोक्रॉस बाइक होत्या. लोक मला रणगाड्यांबद्दल विचारतात. मला त्या बाइक आठवतात.

मी मूळची कोपरगावची. वडील साखर कारखान्यात फिटर होते. मशीन बंद पडलं तर त्याला कारण असतं आणि ते सापडतं, हे मी घरात शिकले. फौजेत त्याचा उपयोग झाला.

रोजचा दिवस ठरलेला. ०५३० ला पीटी, ०७३० ला शेड, ०८०० ला गाड्यांचा रिपोर्ट. बाइकचं काम हवालदार दिघे बघायचे. दिघे राहुरीचे, कमी बोलणारे, हातात कायम एक चिंधी. बाइक चालवणाऱ्यांत सगळ्यात चांगला नायक दत्ता औटी. पारनेर तालुक्यातला, वय एकोणतीस. घरी बायको, चार वर्षांची मुलगी आणि पाऊस पडला तर पिकणारी जमीन. पाच फूट चार इंच उंची. दिघे त्याला म्हणायचे, "औटी, स्टूल आणू का बसायला?" तो म्हणायचा, "आना की. वर फूल बी लावा."

फेब्रुवारीत जनरल साहेबांचं इन्स्पेक्शन होतं आणि त्यानंतर मोटोक्रॉसचं प्रात्यक्षिक. इन्स्पेक्शन म्हणजे रंग. झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना, रस्त्याकडेच्या दगडांना चुना, वाळूच्या बादल्यांना लाल. पंधरा दिवस युनिटला तेलरंगाचा वास येतो. मीही एक हुकूम दिला. शेडमध्ये दोन प्रकारचं पेट्रोल असायचं, साधं आणि मोटोक्रॉसच्या टू-स्ट्रोक इंजिनांसाठी ऑइल मिसळलेलं. अदलाबदल झाली तर इंजिन जातं. म्हणून मी सांगितलं, मोटोक्रॉसच्या सहाही टाक्यांची झाकणं लाल करा. लांबून कळलं पाहिजे. दोन जवानांनी अर्ध्या दिवसात काम उरकलं. छान दिसत होतं.

चार दिवसांनी सराव पुन्हा सुरू झाला आणि औटीची बाइक बंद पडायला लागली.

मुरमाच्या ट्रॅकवर सहा-सात मिनिटं बाइक उत्तम चालायची. मग दम जायचा आणि इंजिन बंद. औटी बाइक ढकलत शेडपर्यंत आणायचा. दिघे झाकण उघडून पेट्रोल बघायचे. पेट्रोल असायचं. झाकण लावून किक मारली की दुसऱ्या किकला चालू. गाडी बंद पडली की आधी टाकी उघडून बघायची, हे रिक्रूटलाही शिकवतात. आम्ही दर वेळी तेच केलं.

पहिल्या दिवशी पेट्रोल बदललं. दुसऱ्या दिवशी टाकीखालच्या कॉकची जाळी काढून धुतली, फिल्टर नवा घातला. तिसऱ्या दिवशी कार्बोरेटर खोलला. जेटमध्ये, पेट्रोलच्या बारीक भोकात, कचरा निघाला. हवा मारून साफ केला, फ्लोटची सुई बदलली, पातळी मोजून लावली. कचरा दिसल्यावर मला बरं वाटलं. कारण सापडलं होतं.

त्याच दिवशी, शेडमध्ये, औटीने मला एक गोष्ट सांगितली.

"मॅडम, ही टाकी लई दमलीय."

"म्हणजे?"

"झाकन उघडलं की उसासा टाकती. फुस्स करती. माझी आजी अशीच करायची, जात्यावरनं उठली की."

"औटी, गाडी आहे ती. तुझी आजी नाही."

दिघे हसले. औटीही हसला. मी लेव्हलचा गेज पुसून डब्यात ठेवला.

चाचणी घ्यायची होती. टाकी सारखी काढावी लागत होती म्हणून आम्ही लिटरभरच पेट्रोल घातलं होतं. औटीने बारा मिनिटं बाइक फिरवली. एकदाही बंद पडली नाही.

"कशी आहे?" मी विचारलं.

"आता बरी हाय."

"नक्की? दुसरी बाइक घे हवं तर."

"नको, मॅडम. दुसरीचं हँडल मला लांब पडतंय. हिची सवय हाय. फक्त तुमी फिट म्हना."

मी रजिस्टरमध्ये 'फिट' लिहून सही केली. वेळ १६४०.

दुसऱ्या दिवशी ०९०० ला जनरल साहेब आले. इन्स्पेक्शन ठीक झालं. लाल झाकणांकडे बघून ते म्हणाले, "गुड आयडिया." १०१५ ला प्रात्यक्षिक सुरू झालं. सगळ्या टाक्या नियमाप्रमाणे काठोकाठ भरल्या होत्या. मी कंट्रोलच्या तंबूत होते. टेबलावर वॉकी-टॉकी. ट्रॅकवर चार पॉइंट, प्रत्येकावर एक मार्शल. पॉइंट थ्रीवर मोठी उडी होती. मातीचा चढ, मध्ये खड्डा, पलीकडे उतार. औटीने ती उडी आदल्या महिन्यात किमान शंभर वेळा मारली असेल.

१०२२ ला वॉकी-टॉकी बोलला.

"कंट्रोल, पॉइंट थ्री. रायडर डाउन. ओव्हर."

"पॉइंट थ्री, कंट्रोल. कोण? ओव्हर."

"नंबर चार. औटी. ओव्हर."

"स्टेटस सांगा. ओव्हर."

"हलत नाही. ओव्हर."

मी धुळीतून तिथपर्यंत चालत गेले. मी पळायला हवं होतं असं कोणी म्हणालं नाही. नर्सिंग असिस्टंट आधीच पोचला होता. इंजिन चढावर, चाक जमीन सोडण्याच्या क्षणी, बंद पडलं होतं. पलीकडचा उतार गाठायला जो जोर लागतो तो मिळाला नाही. बाइक खड्ड्याच्या कडेला पुढच्या चाकावर आपटली. मिलिटरी हॉस्पिटलमध्ये ११५० ला त्याला मृत घोषित केलं. मान मोडली होती.

बाइक शेडमध्ये आणून सील केली होती. दुपारी रेजिमेंटचे प्रमुख असलेल्या सीओंच्या परवानगीने आणि त्यांच्या अॅडज्युटंटसमोर दिघ्यांनी आणि मी ती तपासली. हँडल वाकलं होतं, टाकीला पोचा होता, पेट्रोल गळलं नव्हतं. झाकण घट्ट होतं. दिघ्यांनी ते फिरवलं.

फुस्स.

आत ओढली जाणारी हवा. शेडमध्ये तो आवाज सगळ्यांनी ऐकला.

टाकीतून जेवढं पेट्रोल खाली जातं तेवढी हवा वरून आत यावी लागते. त्यासाठी झाकणावर लहान तोटी असते आणि तिला एक रबरी नळी. झाकण रंगवताना नळी काढली होती, नंतर परत बसवली होती. बाहेरून सगळं जागेवर होतं. दिघ्यांनी नळी उपसली आणि तोटीत टाचणी घातली. ती आत गेली नाही. लाल रंग सुकून बसला होता. बाकीच्या पाच झाकणांच्या तोट्या मोकळ्या होत्या.

टाकीत हवा शिरत नव्हती म्हणून पेट्रोल उतरेनासं व्हायचं. पेट्रोल बघायला झाकण उघडलं की हवा शिरायची आणि बाइक चालू व्हायची. भरलेल्या टाकीत हवेला जागा कमी, म्हणून सहा-सात मिनिटांत बंद. लिटरभर पेट्रोलवर जागा भरपूर, म्हणून बारा मिनिटं काही झालं नाही. आम्ही बिघाड काढला नव्हता. चाचणी सोपी केली होती.

"मॅडम," दिघे म्हणाले, "त्यानं सांगितलं होतं."

"हो."

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी तीन गोष्टी सांगितल्या. रंगाचा हुकूम माझा. फिटची सही माझी. आवाजाची तक्रार माझ्याकडे आली होती. तिसरी कोणी विचारली नव्हती. मला नाराजीचं लेखी पत्र मिळालं. तेवढंच मिळालं.

महिन्याने मी त्याच्या गावी गेले. पारनेरपासून आत, बाजरीचं रान, पत्र्याचं घर. त्याची बायको मंगल ओट्यावर मूग निवडत होती. मी तिला झाकणाचं सगळं सांगितलं. तिने पूर्ण ऐकलं.

"रंग कुनी लावाय सांगितला हुता?"

"मी."

ती मूग निवडत राहिली. खडे एका बाजूला, मूग एका बाजूला.

"त्यो मला बी म्हनला हुता फोनवर," ती म्हणाली. "टाकी आजीसारखी करती म्हनून. मी बी हसले."

मग उठून तिने पाणी आणून दिलं. मी पाणी प्याले आणि निघाले.

नोकरी संपल्यावर मी नगरलाच राहिले. आता पाट्यांवर अहिल्यानगर आहे. माझं जनरेटर आणि पाण्याचे पंप दुरुस्त करण्याचं वर्कशॉप आहे. गिऱ्हाईक मशीनबद्दल जे बोलतं ते मी त्याच्याच शब्दांत वहीत लिहून घेते. 'खोकतंय', 'रुसलंय', 'कण्हतंय'. माझे कारागीर चिडवतात. चिडवू देत.

गेल्या वर्षी युनिटने माजी अधिकाऱ्यांना बोलावलं होतं. मी शेडमध्ये गेले. बाइक नव्या, माणसं नवी. पस्तिशीचा एक मिशीवाला मेकॅनिक सकाळच्या तपासणीला उभा होता. प्रत्येक बाइकच्या झाकणावरची नळी काढून तोटीत फुंकर मारायचा आणि पुढे जायचा. झाकणं काळी होती.

"हे काय करतोस?"

"औटी करतोय, मॅडम."

"म्हणजे?"

"लिस्टमध्ये आहे. ब्रेक, चेन, औटी. टाकीला हवा मिळते का बघायचं."

"औटी का म्हणतात?"

त्याने जरा विचार केला. "आधीपासून म्हणतात. पार्टचं नाव असेल."

लिस्टमध्ये ते दिघ्यांनी घातलं असणार. मी बदलून गेल्यावर. मला कधी बोलले नाहीत.

मी त्याला सांगितलं. नायक दत्ता औटी, तालुका पारनेर. उंची पाच फूट चार इंच. बंद पडणाऱ्या बाइकचं कारण त्याने बरोबर सांगितलं होतं, ओसीने ऐकलं नाही.

"ओसी कोण होते, मॅडम?"

"मी."

तो सावधान उभा राहिला.

"दोन राहिल्यात," मी म्हणाले. "पूर्ण कर."

तो पाचव्या बाइककडे गेला, नळी काढली, वाकून फुंकर मारली. मग सहावीकडे.